पडताळणी मावशींची होते, ब्युरोची कधी होणार?

रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस ठरला की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी एकच धावपळ सुरू होते. वॉर्डातल्या आयाबाई, खालचा औषधवाला किंवा सोसायटीतले शेजारी घरी रुग्णसेवेला माणसे पाठवणाऱ्या एखाद्या ब्युरोचा नंबर देतात, बारा तासांची ड्युटी की चोवीस तासांची एवढे फोनवर ठरते, रजिस्ट्रेशनचे पैसे भरले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पिशवी घेतलेल्या मावशी दारात उभ्या राहतात. घरची माणसे त्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स घेतात, याआधी कुठे कामाला होतात ते विचारतात, दागिने कपाटात घालून किल्ली जपून ठेवतात आणि सेवेची पारख झाली असे समजतात. ब्युरो कोण चालवते, मावशींना शिकवले कोणी, रात्री काही झाले तर कोणाला फोन करायचा आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनातही येत नाहीत. घरी मिळणाऱ्या रुग्णसेवेची आपल्याकडची तपासणी चुकीच्या टोकाला होते असे माझे म्हणणे आहे. पारखायला हवा तो मावशींना पाठवणारा ब्युरो, आणि ते काम एकेका कुटुंबावर न सोडता कायद्याने व्हायला हवे.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता आता राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढच्या माणसांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती आणि त्यानंतर ती वाढतच आहे. मुले हिंजवडीत, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत आणि आईवडील सांगलीत, नाशिकात किंवा डोंबिवलीत दोघेच राहतात, ही स्थिती आता मध्यमवर्गात नेहमीची झाली आहे. रुग्णालयेही पूर्वीसारखी महिना महिना ठेवून घेत नाहीत. खर्च परवडत नाही, विम्याची मर्यादा संपते, आणि पक्षाघाताचा झटका आलेले आजोबा नाकातली नळी, लघवीची पिशवी आणि औषधांची लांबलचक यादी घेऊन घरी येतात. थोडक्यात, वॉर्डातले काम घरात येते, पण वॉर्डात त्या कामावर देखरेख करणारी सिस्टर, राउंडला येणारे डॉक्टर आणि पायथ्याशी लावलेला तक्ता यांतले काहीही त्याच्यासोबत येत नाही. घरी येतो तो एकटा माणूस. तो परिचारिका असेल तर त्याने दोन ते चार वर्षांचे शिक्षण घेतलेले असते आणि त्याचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. पण बहुतेक घरांत येणाऱ्या मावशी किंवा मामा परिचारिका नसतात. काहींनी ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चा किंवा ‘होम हेल्थ एड’चा कौशल्य अभ्यासक्रम केलेला असतो, तर पुष्कळ जण आधीच्या घरी पाहून पाहून शिकलेले असतात. दोघांनाही ब्युरो एकच पांढरा ॲप्रन घालून पाठवतो आणि कुटुंबाला फरक कळायचा काही मार्ग नसतो.

या फरकाने काय होते हे एका उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात. एकीत दर मिलीलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोन्हींसाठी सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४०च्या सिरिंजचे टोपण लाल असते आणि १००च्या सिरिंजचे नारिंगी. डॉक्टरांनी वीस युनिट लिहून दिले आहेत, घरात १००ची बाटली आहे आणि दुकानदाराने लाल टोपणाची सिरिंज दिली आहे, अशा वेळी मावशी अगदी मन लावून विसाच्या खुणेपर्यंत औषध भरतात आणि रुग्णाच्या अंगात पन्नास युनिट जातात. रात्री रक्तातली साखर फार खाली जाऊन त्या आजींना दरदरून घाम सुटतो, त्या असंबद्ध बोलू लागतात, मग गप्प होतात आणि त्यांना झोप लागली असे सगळ्यांना वाटते. यात मावशींचा हेतू वाईट नव्हता आणि हयगयही नव्हती. त्यांना ते टोपण कोणी दाखवलेच नव्हते. पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला कितीही स्वच्छ असला तरी ही चूक त्याने टळत नाही, कारण त्या माणसावर गुन्हा नोंदलेला नाही इतकेच तो दाखला सांगतो.

नळीवाटे भरवण्याचेही तसेच आहे. भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत उंच हवी, नळी जागेवरून सरकलेली नाही ना हे प्रत्येक वेळी आधी पाहायला हवे, आणि रुग्णाला ठसका लागला तर तिथल्या तिथे थांबायला हवे. हे पाळले नाही तर पेज फुप्फुसात उतरते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होऊन तोच रुग्ण पुन्हा रुग्णालयात दाखल होतो. म्हातारपणी असे व्हायचेच, असे म्हणून घरचे ते सोसतात. घरातल्या रुग्णसेवेतले बहुतेक अपघात असेच वयाच्या आणि आजाराच्या खात्यावर मांडले जातात, आणि म्हणून ते कधी मोजले जात नाहीत.

आता कायद्याकडे पाहू. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पाठवणाऱ्या एजन्सीला २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. परवान्याशिवाय धंदा केला तर तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे. पाठवलेल्या माणसाचे चारित्र्य तपासणे आणि त्याला प्रशिक्षण देणे ही जबाबदारी एजन्सीची असते, आणि केंद्राच्या नमुना नियमांत त्या प्रशिक्षणाचे तासही ठरलेले आहेत: वर्गात १०० आणि प्रत्यक्ष कामाचे ६०. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. म्हणजे फाटकावर बसणाऱ्या माणसाला कोणी आणि कसे पाठवावे याचा विचार या राज्याने चाळीस वर्षांपूर्वी केला, पण बोलताही न येणाऱ्या रुग्णाच्या खोलीत चोवीस तास राहणाऱ्या माणसाला कोणी पाठवावे याचा विचार अजून झालेला नाही. नर्सिंग होमच्या नोंदणीचा १९४९चा कायदा आहे, पण त्याचा रोख रुग्ण जिथे ठेवले जातात त्या जागेवर आहे. ब्युरोकडे खाटाच नसतात. त्याच्याकडे असते एक टेबल, दोन फोन आणि नावांची यादी. दुकान म्हणून त्याची नोंद कुठेतरी असेलही, पण त्या नोंदीत रुग्णाच्या सुरक्षिततेचा एकही रकाना नसतो.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती असेही नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७चा कायदा सुधारण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले, आणि घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व त्यांच्यासाठी किमान मानके यांची तरतूद त्यात होती. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, पण विधेयक संमत झाले नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते संपुष्टात आले. या गोष्टीची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी ती झाली नाही, याचे मला वाईट वाटते. वृद्धांविषयी आपल्याकडे आदराने पुष्कळ बोलले जाते, पण या एका कलमासाठी कुठे मोर्चा निघाला नाही आणि कोणत्या जाहीरनाम्यात ते ठळकपणे आले नाही.

कायदा नसल्याचा फायदा ब्युरो कसा घेतो ते त्याच्या कागदावर दिसते. पावतीमागे किंवा करारात बारीक अक्षरांत असे लिहिलेले असते की ब्युरो फक्त माणूस सुचवतो, त्याच्या वर्तनाची, चुकीची किंवा नुकसानीची जबाबदारी ब्युरोवर नाही, आणि ग्राहकाने आपली खात्री स्वतः करून घ्यावी. जाहिरातीत मात्र हाच ब्युरो ‘प्रशिक्षित’, ‘अनुभवी’, ‘खात्रीशीर’ असे शब्द वापरतो, दर महिन्याला मावशींच्या पगारातून आपला हिस्सा कापून घेतो, माणूस बदलून देतो आणि मावशींना परस्पर कामावर ठेवले तर दंडाची भाषा करतो. जो पगारातला हिस्सा घेतो, कोण कुठे जाईल हे ठरवतो आणि प्रशिक्षणाची हमी देऊन गिऱ्हाईक मिळवतो, तो निव्वळ मध्यस्थ कसा? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते आणि लोकांनी ती करायला हवी. पण तक्रार सिद्ध करायला पुरावा लागतो आणि पुरावा नोंदींतून उभा राहतो. माझ्या परिचयाच्या एका घरी ब्युरोने दिलेली नोंदवही मी पाहिली. दर दोन तासांनी कूस बदलल्याची, पाणी पाजल्याची, लघवी मोजल्याची नोंद तिच्यात होती, पण दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच ओघात, एका बैठकीत लिहिलेल्या होत्या आणि लघवीचा आकडा रोज तोच होता. आजींच्या माकडहाडावर तोवर जखम पडली होती. ती वही ब्युरोतल्या कोणीही कधी उघडून पाहिली नव्हती, आणि माझ्या दृष्टीने खरी त्रुटी तीच आहे. जी नोंद कोणी वाचत नाही ती खरी लिहिण्याचे कारण लिहिणाऱ्याला उरत नाही.

म्हणून सेवेची प्रत पाहायची तर मी सर्वांत आधी ब्युरोचा माणूस घरी येतो का ते पाहीन. पहिल्या दिवशी एखादी नोंदणीकृत परिचारिका येऊन रुग्णाला तपासते का, त्वचा कुठे लाल झाली आहे, गिळता येते का, रात्री उठून चालण्याची सवय आहे का हे लिहून ठेवते का, आणि त्यावरून मावशींना काय करायचे व काय करायचे नाही हे मावशी आणि घरचे अशा दोघांसमोर सांगते का? पहिल्या दिवशीची ही नोंद फार मोलाची असते, कारण नंतरची जखम आधीची की सेवेतली हे तिच्यावरूनच ठरते. लाल झालेल्या जागी बोटाने दाबून सोडल्यावर लाली क्षणभरही फिकट होत नसेल तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली असते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा ती जागा आसपासच्यापेक्षा गरम किंवा टणक लागते का हे हाताने पाहावे लागते. हे ज्या मावशींना कोणी हात धरून शिकवले आहे त्या स्पंजिंग करताना रोज सहज पाहतात, आणि अशा मावशी मी पाहिल्या आहेत. त्यांच्या बोटांना जे कळते ते पुष्कळ सुशिक्षित नातेवाइकांना दिवसभर शेजारी बसूनही कळत नाही. हे ज्ञान मावशीगणिक नशिबावर सोडलेले आहे, याचेच दुःख आहे.

बदलीच्या दिवशी ब्युरोची खरी परीक्षा होते. मावशी गावाला जातात, त्यांचे मूल आजारी पडते, कधी त्या काम सोडतात. त्यात गैर काही नाही. पण नव्या मावशी येतात तेव्हा जुन्या मावशी निघून गेलेल्या असतात आणि आजोबांना डावीकडून गिळता येत नाही, ही गोळी कुटून द्यायची नाही, संध्याकाळ झाली की त्यांना घरी जायचे असते तेव्हा विरोध न करता गॅलरीत न्यायचे, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून चुका करत शिकले जाते. रुग्णालयात दोन पाळ्यांमध्ये तोंडी आणि लेखी देवाणघेवाण होते. घरी ती घडवून आणणे हे ब्युरोचे काम आहे आणि त्यासाठी दोन्ही मावशींना तासभर एकत्र थांबण्याचे पैसे त्याने द्यायला हवेत. जो ब्युरो ‘माणूस लगेच बदलून देतो’ हा आपला गुण म्हणून सांगतो, त्याला मी आधी विचारीन की गेल्या वर्षात एका घरी एकच माणूस सरासरी किती दिवस टिकला.

चोवीस तासांच्या ड्युटीबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण इथे कुटुंबेही ब्युरोच्या बरोबरीने जबाबदार आहेत. जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असे डॉक्टर सांगतात. ते रात्रीही पाळले तर त्या खोलीतल्या माणसाला सलग दोन तासांपेक्षा जास्त झोप मिळूच शकत नाही, आणि असे महिनोन्महिने कोणी जगू शकत नाही. तेव्हा दोनच गोष्टी होतात. एक तर कूस बदलली जात नाही, किंवा रुग्णाने रात्री हाका मारू नयेत म्हणून झोपेची गोळी जरा लवकर आणि जरा जास्त दिली जाते. दुसरी गोष्ट घडली की घरच्यांना मावशी क्रूर वाटतात. मला मात्र तो हिशेब क्रूर वाटतो, जो घरच्यांनी आणि ब्युरोने मिळून केलेला असतो. एका माणसाचा पगार वाचवून दोन माणसांचे काम करून घ्यायचे आणि वर ते सुरक्षित असावे अशी अपेक्षा ठेवायची, हे जमणारे नाही. मावशींना झोपायला जागा कुठे आहे, त्या कधी आणि काय जेवतात, संडास कोणता वापरतात, आठवड्याची सुट्टी मिळते का, हे प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेचेच आहेत. आणि मावशींची स्वतःची सुरक्षितताही त्यात येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा राहत्या घरालाही कामाचे ठिकाण मानतो, पण घरातल्या पुरुषाने त्रास दिला तर जायचे कुठे हे ब्युरोने मावशींना सांगितल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. त्या बिचाऱ्या फक्त ‘घर बदलून द्या’ म्हणतात, आणि त्याच घरी दुसरी कोणी पाठवली जाते.

अलीकडे या सगळ्यावरचा उपाय म्हणून खोलीत कॅमेरा लावला जातो. परगावच्या मुलांची काळजी मी समजू शकतो आणि मारहाणीचे प्रकार कॅमेऱ्यामुळे उघड झाले आहेत हेही खरे आहे. तरीही ज्या आजींचे डायपर त्या खोलीत बदलले जाते, ज्यांना तिथे उघडे करून पुसले जाते, त्यांची संमती कोणी घेतली का, आणि ते चित्र किती जणांच्या मोबाइलवर दिसते, हा प्रश्न टाळता येत नाही. शिवाय कॅमेरा झालेली चूक दाखवतो; सिरिंजच्या टोपणाचा रंग तो कोणाला शिकवत नाही. महिन्यातून दोनदा अचानक येणारी पर्यवेक्षक परिचारिका कॅमेऱ्यापेक्षा किती तरी जास्त पाहते.

नोंदणीविरुद्धचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते वरवरचे नाहीत. परवाना आला की इन्स्पेक्टर येईल, हप्ता येईल, ब्युरो तो खर्च ग्राहकावर टाकेल आणि आधीच पेन्शनवर जगणाऱ्या घराला ही सेवा परवडेनाशी होईल. निवृत्त सिस्टरने आपल्या घरातून चालवलेले छोटे, प्रामाणिक ब्युरो बंद पडतील आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्या तेवढ्या उरतील. ही भीती मला खरी वाटते. म्हणून इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन जशी घरी सेवा देणाऱ्या संस्थांची तपासणी करून सेवा सुरक्षित, परिणामकारक, आपुलकीची, गरजेला धावून येणारी आणि नीट चालवलेली आहे का असे पाच प्रश्न लावते व जाहीर दर्जा देते, ती रचना जशीच्या तशी इथे आणा असे मी म्हणणार नाही. तेवढे मनुष्यबळ आपल्याकडे आज नाही. पण सुरुवात लहान करता येते. प्रत्येक ब्युरोची नोंदणी आणि ती यादी कोणालाही पाहता येईल अशी. दर ठरावीक रुग्णांमागे एक नोंदणीकृत परिचारिका पर्यवेक्षक. इंजेक्शन, नळी आणि कॅथेटरची कामे कोणी करायची व कोणी नाही याची स्पष्ट सीमा. एका माणसाला सलग किती तास कामावर ठेवायचे याची मर्यादा. आणि पडणे, बेडसोर, औषधाची चूक किंवा अचानक मृत्यू यांची कळवणे बंधनकारक असलेली नोंद. लहान ब्युरोंनी पर्यवेक्षक परिचारिका मिळून ठेवली तरी चालेल अशी सवलत असावी. खर्च थोडा वाढेल हे मान्य आहे. पण आज तो खर्च वाचत नाही, तर बेडसोरच्या ड्रेसिंगमध्ये आणि दुसऱ्यांदा भरलेल्या आयसीयूच्या बिलात जातो.

केंद्राचे विधेयक संपुष्टात आले म्हणून राज्याने थांबण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीतले विषय आहेत, आणि सुरक्षारक्षकांप्रमाणेच घरकामगारांसाठीही महाराष्ट्राने २००८ मध्ये स्वतःचा कल्याण मंडळ कायदा केलेला आहे. कायदा होईपर्यंतचे एक काम मात्र गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना लगेच करता येईल. आपल्या भागातल्या ब्युरोंना पर्यवेक्षण, प्रशिक्षण, बदलीची पद्धत आणि जबाबदारी यांविषयी तेच प्रश्न लेखी पाठवायचे, उत्तरे सभासदांसमोर ठेवायची, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावेही त्याच यादीत द्यायची. अपघात घडलेल्या घरांनी आपली हकिकत संघाला कळवायला सुरुवात केली, तर एकेका घरात वयाच्या नावाखाली मिटून गेलेल्या त्या घटना पहिल्यांदा एका ठिकाणी लिहिल्या जातील, आणि आमदारांकडे कायद्याची मागणी घेऊन जाताना त्या नोंदी हातात असतील.